चौदा मिलिमीटर

हवामानाचं मॉडेल मी सहा प्रकारे चालवून पाहिलं. सहावा प्रकार आमच्या कन्नड गावच्या वीस वर्षांच्या पावसाच्या नोंदींशी जुळला. एप्रिल २००५ मधल्या एका दिवसाच्या अवकाळी चौदा मिलिमीटरशीसुद्धा. मॉडेलला या नोंदी कधीच दाखवल्या नव्हत्या. उद्याच्या बैठकीत मी हाच प्रकार निवडा म्हणणार होते.

तिथलं पर्जन्यमापक माझे वडील बघायचे. शहरातल्या, औरंगपुऱ्यातल्या खोलीवरून मी अभिमानानं फोन लावून त्यांना ते चौदा मिलिमीटरही सांगितले.

आबा हसले. “त्या दिशी थेंबबी नव्हता, मोने. तू चार वर्साची. मापकात तांब्या ओतलास अन् म्हणालीस, म्या पाऊस पाडला. लई कौतुक वाटलं, लिहून टाकलं.”

मी मॉडेलनं काढलेला त्या दिवसाचा नकाशा उघडला. अख्खा मराठवाडा कोरडा होता. ढग कुठंच नव्हता. फक्त आमच्या गावावरच्या चौकोनात चौदा मिलिमीटर पाऊस पडला होता.