देवमनची गाडी

"आवाज बराबर नाही," देवमन म्हणाला.

जैनुद्दीननं हातातला पाना फरशीवर आपटला. इंजिन सुरू होतं. धूर नव्हता, तेल कुठून ठिबकत नव्हतं. आणि हा म्हातारा गाडीच्या मागं उकिडवा बसून, कान वाकडा करून सांगत होता की आवाज बरोबर नाही.

"आता काय झालं?"

"टकटक येऊन राहिली. बारीक."

बाळापूरच्या या गॅरेजात जैनुद्दीननं जन्मभर पंपाची इंजिनं उघडली होती. पण अलीकडं विहिरींनाच पाणी नव्हतं. लोक पंप आणत ते दुरुस्तीला नव्हे, भंगारात घालायला. हात रिकामे, म्हणून त्यानं ही पीडा अंगावर घेतली. गाडी विलायती, जुनी, छप्पर कापडाचं, सीटा दोनच. कापूस खरेदीला आलेल्या कुण्या इंग्रजाकडून ती जिनिंग कारखान्याच्या मालकाकडं आलेली. यंदा जिनिंगला कायमचं कुलूप लागलं. यंत्रं भंगारात गेली, मालकाची मुलं पुण्याला गेली, आणि जाता जाता ही बंद गाडी देवमनच्या गळ्यात मारून गेली. देवमन तिथं पोरवयापासून चाकरीला होता. ड्रायव्हरच असणार, असं जैनुद्दीन धरून चालला होता.

तेव्हापासून डोक्याला नुसता ताप. नटबोल्ट इंची मापाचे. गॅरेजातला एक पाना त्यांना लागेना. मुंबईहून बेअरिंगा आल्या त्या दुसऱ्याच गाडीच्या. शेवटी अकोल्याच्या लेथवर घडवून आणल्या. गॅस्केट हातानं कापलं. बायकोची कणकेची परात पिस्टन धुवायला गेली, तेव्हा अनीसानं घरात असा काही आवाज लावला की इंजिन परवडलं. एवढं करून गाडी सुरू झाली, तर देवमनला आवाज पटेना. एकदा टॅपेट सैल निघाले. एकदा सगळं हेड उघडलं, काहीच निघालं नाही.

"मंग माह्या कानात असन," देवमन शांतपणे म्हणाला होता.

आज जैनुद्दीननं दात खात टॅपेट पुन्हा जुळवले आणि गाडी पुन्हा सुरू केली.

"आता?"

देवमन डोळे मिटून ऐकत राहिला. बराच वेळ. हळूहळू त्याचा चेहरा सैलावला.

"हा. हाच."

"अल्ला, तेरा शुकर!" जैनुद्दीननं तेलकट चिंधी भिरकावली. "बसा आता, अन् घेऊन जा. माहं डोकं मोकळं करा."

देवमन जागचा हलला नाही.

"मले चालवता येत नाही, भाई."

"काय?"

"मी डायवर नव्हतो. गाडी मालक सोता चालवत. मी धूत होतो. अन् सुरू नाही झाली तं धक्का मारत होतो."

जैनुद्दीनच्या मस्तकात गेलं. "मंग एवढे दिवस माह्या मागं काहून लागले? हा आवाज नाही, तो आवाज नाही! चालवनारा नसता कुरकुरला एवढा!"

"रागावू नका. धक्का मारला का ते सुरू होये, अन् फाटकातून निंगून जाये. मी मांगं उभा राहो. मले तिचा तेवढाच आवाज ठाऊक."

जैनुद्दीनचा राग उतरला नव्हता, पण आता तो देवमनवर बसेना. कोणावर बसवावा, तेही कळेना. तो तरातरा गेला, स्टिअरिंगमागं बसला आणि आतून दुसरं दार ढकलून उघडलं.

"या."

"मी?"

"नाहीतं कोन? कुठं जायाचं ते सांगा."

देवमननं आतल्या सीटकडं पाहिलं. मग रस्त्याकडं.

"कुठंबी," तो म्हणाला.

त्यानं धोतराला हात पुसले. दारापाशी चपला काढल्या, जोडीनं बाजूला सारल्या, आणि अनवाणी पाय जपून उचलला.

जैनुद्दीनचं टाळकं पुन्हा सरकलं.

"चपला घाला!" इंजिनाच्या वर आवाज चढवून तो ओरडला. "चपला घालून बसा, मालक!"