इंदिराबाईचा शेवटचा मुक्काम

“तुमीच का बळीराम? शरणप्पाच्या नाटक कंपनीतले?”

दारात उभ्या असलेल्या बाईनं मराठीत विचारलं, पण तिची बोली कलबुर्गीकडची होती. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या बळीरामचे हात थांबले.

“न्हाई,” तो म्हणाला.

“मामा, असं काय करायलात?” आतून त्याची सून संध्या बाहेर आली. “जनवाड्यात ह्या वयाचे बळीराम तुमीच की. पण नाटक कंपनी कोणती वो?”

बळीराम पुन्हा शेंगा सोलू लागला. संध्यानं पाहुणीला खुर्ची दिली आणि ती चहा टाकायला आत गेली.

“मी नागरत्ना. शरणप्पाची नात,” बाई म्हणाली. “अप्पा, मला इंदिराबाईबद्दल विचारायचंय.”

त्रेपन्न वर्षांत हे नाव बळीरामपुढं कुणी काढलं नव्हतं. मुलगा बुद्धरत्न बँकेत लागला होता, नात मैत्रेयी नर्स झाली होती. घरात कुणालाच त्यातलं अक्षर माहीत नव्हतं. बायको गेली, तिलाही त्यानं सांगितलं नव्हतं.

नागरत्नानं मोबाईलवर एका जुन्या जाहिरातीचा फोटो दाखवला. नाकात नथ, डोक्यावर पदर, मोठे डोळे.

“अजून म्हातारी माणसं सांगतात. इंदिराबाई स्टेजवर रडली की तंबूतल्या सगळ्या बायका रडायच्या.”

“मला ठावं न्हाई.”

“पोलिसांच्या कागदात तुमचं नाव हाय. पडदे ओढणारा बळीराम.”

मग तिनं शांतपणे सगळं सांगितलं. एकाहत्तर साल. कंपनीचा मुक्काम कमठाण्याला. तिथल्या जमीनदाराचा मुलगा अनिलकुमार इंदिराबाईपायी वेडा झाला होता. त्यानं निरोप धाडला, शनिवारी बाईला घेऊन जाणार, आडवं आलात तर तंबू पेटवीन, माणसांसकट. शनिवारी उजाडता उजाडता एका दूधवाल्यानं इंदिराबाईला ओढ्याकडं जाताना पाहिलं. तिच्या काखेत गाठोडं होतं. थोड्या वेळानं त्याच वाटेनं बळीराम परत आला. एकटाच. नंतर पाण्यात तिचं लुगडं सापडलं. प्रेत सापडलं नाही.

“तुमी त्याच दिवशी पळालात,” नागरत्ना म्हणाली. “माझ्या अज्जाला, शरणप्पाला, धरून नेलं. आठ महिने आत होता. मारून मारून त्याचा एक कान गेला. पण त्यानं तोंड उघडलं न्हाई. कंपनीतल्या कुणीच उघडलं न्हाई. सुटला, तरी मरेपर्यंत लोक त्याला खुनी म्हणाले. माझ्या आईचं लग्न तीनदा मोडलं.”

“कान गेला?” बळीरामनं हळूच विचारलं.

“तुमाला ठावं नव्हतं?”

त्यानं मान हलवली. मालकाला धरलं हे त्याच्या कानावर आलं होतं. पुढचं त्यानं कधी विचारलं नव्हतं. हैदराबादला मिलमध्ये नऊ वर्षं काढली, आणि कमठाण्याकडचं कुणी दिसलं की तो तोंड फिरवून दुसऱ्या गल्लीनं जायचा.

“आता आमच्या गावात नवं रंगमंदिर बांधलंय. अज्जाचं नाव द्यायचं ठरलं, तर अनिलकुमार आडवा आलाय. खुन्याचं नाव कामून देता म्हणतो.”

“जित्ता हाय तो?”

“भाईर गाडीत बसलाय. मीच घेऊन आले. म्हणाला, बळीरामनं माझ्या तोंडावर खरं सांगितलं तर मी मागं सरतो.”

बळीरामनं मागच्या दाराकडं पाहिलं. त्या दारात संध्या उभी होती. तिच्या हातात चहाचं ताट होतं.

“मामा, काय केलं वो तुमी?”

बाहेर गाडीचं दार वाजलं. काठीचा आवाज अंगणात आला. तोच रुंद चेहरा, तेच रोखून बघणं. फक्त केस पांढरे झाले होते.

अनिलकुमार बसला नाही. “तूच का रे बळीराम?”

“व्हय.”

“त्या सकाळी ओढ्यावर तूच होतास?”

“व्हय.”

“ती परत आली न्हाई.”

“न्हाई.”

“मंग तूच संपवलंस तिला.”

बळीरामनं नागरत्नाकडं पाहिलं. ती श्वास रोखून उभी होती. एका शब्दाचं काम होतं.

“व्हय,” तो म्हणाला. “मीच संपवलं. शरणप्पा मालकाचा काडीचा दोष न्हाई त्यात.”

संध्याच्या हातातलं ताट खाली पडलं. अनिलकुमारनं काठी उचलली. बळीरामनं डोळे मिटले, पण मार बसला नाही. डोळे उघडले तेव्हा म्हातारा तशीच काठी धरून रडत होता.

“मी लग्न केलं न्हाई रे तिच्यापायी,” तो म्हणाला. “आता मला कुणावर फिर्याद करायची न्हाई. कुठं पुरलंस, तेवढं दाखव. दोन फुलं ठेवतो.”

संध्या भिंतीला टेकून उभी होती. सासऱ्याकडं बघताना तिच्या डोळ्यांत कधी नव्हती ती भीती होती. बायको गेल्यापासून दहा वर्षं ही सून पोटच्या पोरीसारखी त्याची सेवा करत आली होती.

बळीराम उठला. खांद्यावरचा पंचा त्यानं डोक्यावरून घेतला, एक टोक हनुवटीपाशी धरलं, मान किंचित तिरपी केली. आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या गळ्यातून तरण्या बाईचा नाजूक आवाज निघाला.

“रडू नका, सरकार. मला कुणी पुरलं न्हाई. लुगडं ओढ्यात सोडलं, अन् बळीराम होऊन माघारी आले.”