चितकबऱ्यांची अंडी

बशंदीकाकांनी अंडं उजव्या डोळ्याच्या पापणीला लावलं, जरा थांबले आणि डावीकडच्या टोपलीत ठेवलं. डावीकडे म्हणजे थंड. ती टोपली भरत आली होती. उजवीकडच्या टोपलीत नुसतं गवत.

"काका, नीट बघा हो," वगीदा म्हणाली. "घाई नको."

"सबंध जन्मात मी कधी घाई केलीय, पोरी?"

उबवणीघराची मातीची भिंत अंगाला भाजत होती. बाहेर इजिप्तमधल्या फय्यूमचा जुलै आणि आत त्याच्या वरताण. काकांच्या घराण्यात पणजोबांपासून हेच काम. थर्मामीटर त्यांनी कधी हातात धरलं नाही. जिवंत अंडं भट्टीबाहेर काढलं तरी आपली ऊब सोडत नाही, आणि ती पापणीला कळते, बोटांना नाही.

अंडी वगीदाच्या चार चितकबऱ्या कोंबड्यांची होती. अख्ख्या गावात त्या जातीच्या एवढ्याच उरलेल्या. अंगाने हडकुळ्या, स्वभावाने उडाणटप्पू, पण भर उन्हात गच्चीवर खुशाल उकरत हिंडायच्या. खुडूक बसणं मात्र त्यांना ठाऊकच नाही, म्हणून अंडी काकांकडे आणावी लागत. या चार म्हाताऱ्या गेल्या की सगळं संपलं, हे वगीदाला पक्कं माहीत होतं. अंडी भट्टीत ठेवल्यापासून चौदा दिवस तिला घास गोड लागला नव्हता.

दारातून वाकून डॉक्टर हानी आत आला. कोंबड्यांचा सरकारी डॉक्टर. हिवाळ्यात यानेच घरोघर लाल जातीची पिल्लं वाटली होती आणि जुन्या कोंबड्या गाडीत भरून नेल्या होत्या, जात मिसळायला नको म्हणून. लाल पिल्लं वसंतात गलेलठ्ठ झाली आणि जून लागताच चोची वासून पटापट मेली.

"मावशी, तुम्ही तेव्हाच सांगत होतात," तो घाम पुसत म्हणाला. "लाल जात इथली नव्हेच. आता वरून हुकूम आलाय, चितकबरीच वाढवा. दहा गावं पालथी घातली, अस्सल कोंबडा मिळेना. तुमच्याकडे एक होता म्हणे?"

"होता ना."

"मग?"

वगीदाची नजर टोपलीवरून हलली नाही. "तुमची गाडी दारात आली तेव्हा मी त्याला आणि या चौघींना भाकरीच्या गार भट्टीत कोंबलं होतं. त्याच्या बायका बिचाऱ्या गप्प बसल्या. त्या मेल्याला गाडीच्या हॉर्नला उत्तर द्यायचं होतं. एकदा आरवला. दुसऱ्यांदा मी त्याला आरवू दिलं नाही."

"म्हणजे..."

"पाहुण्याला उपाशी कसं धाडायचं? मुलुखियाच्या भाजीत शिजवून तुम्हालाच वाढला. दोनदा रस्सा मागून घेतलात, डॉक्टर."

डॉक्टर मागे भिंतीला टेकला, आणि पाठ पोळली तसा पुन्हा सरळ झाला. हे त्याला ऐकवायचं म्हणून वगीदाने सहा महिने मनात धरून ठेवलं होतं. ऐकवल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. काही वाटलं नाही.

"मग ही अंडी," तो हळूच म्हणाला, "कोंबड्याशिवाय?"

"तुमच्या लालांपैकी एक कोंबडा जगलाय की. म्हटलं, निम्मी तरी चितकबरी होतील. पुढचं पुढे बघू."

"तो लाल?" काका पुटपुटले. "दिवसभर सावलीत धापा टाकत बसतो. त्याला पाण्यापर्यंत उठवत नाही, तो कसला..." पुढचं त्यांनी बाईमाणसासमोर गिळलं.

वगीदाने आता कुठे त्यांच्याकडे पाहिलं. "सातव्या दिवशी तुम्ही अंडी दिव्यासमोर धरली होतीत, काका."

"धरली होती."

"काय दिसलं होतं?"

"बलक. सगळ्यांत नुसता बलक, रक्ताची रेघ कुठेच नाही."

"आणि सांगितलं नाहीत."

"तू रोज सकाळी येऊन दारात बसायचीस." काका अंड्यावर बोट फिरवत राहिले. "कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

काकांनी राहिलेली अंडी एकेक करून पापणीला लावली आणि एकेक करून डावीकडे ठेवली. शेवटचं उचललं तेव्हा वगीदाने त्यांचं मनगट धरलं.

"हे माझ्याकडे द्या."

तिने डोळे मिटले आणि अंडं पापणीवर दाबून धरलं. बराच वेळ धरलं. डॉक्टर जमिनीकडे बघत उभा होता.

"हे गरम आहे, काका," ती म्हणाली. "खरंच गरम आहे."

काकांनी अंडं हातात घेतलं. ते ओलं झालं होतं. त्यांनी ते झग्याच्या बाहीला पुसून कोरडं केलं, आणि स्वतःच्या पापणीला न लावताच उजवीकडच्या टोपलीत, गवतावर ठेवून दिलं.