दुर्बिणीतला सरळ माणूस

आमच्या कॉलेजातल्या सर्व्हेच्या जुन्या दुर्बिणीतून जग उलटं दिसतं. सर हे पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगतात. समोर आकड्यांची पट्टी धरलेला पोरगा डोक्यावर उभा दिसतो, आभाळ खाली जातं, आणि थोड्याच दिवसांत सवय होते.

मागच्या वर्षी माझा हाच विषय राहिला होता. आज परीक्षा होती. काहीही झालं तरी आज तो काढायचाच, असं ठरवूनच मी आले होते.

माझ्या बॅचमधला कुंदन मैदानाच्या टोकाला पट्टी धरून उभा राहिला. त्याच्या मागे तुरीचं शेत होतं. मी डोळा लावला. कुंदन उलटा, तूर उलटी. तुरीत एक माणूस मात्र सरळ उभा होता.

मी डोळा काढला. भर उन्हात शेत रिकामं होतं. मी रीडिंग लिहिलं.

पुढच्या रीडिंगला तो माणूस बांधावर आलेला दिसला. त्याच्या पुढच्याला कुंदनच्या अगदी शेजारी.

"कुंदन, तुह्याजवळ कोण आहे?"

"कोणीच नाई! लवकर कर ना, ऊन लागून राह्यलं!"

मी दात आवळून पुन्हा डोळा लावला. आता तिथे कुंदन एकटाच होता. आणि तो सरळ दिसत होता.

तेवढ्यात त्याची हाक आली.

"मेघा, तू उलटी काऊन दिसून राह्यली?"

मी पायांकडे पाहिलं नाही. डोळा तसाच ठेवला आणि पट्टीवरचा आकडा मोठ्यानं वाचला.