पांढरा टॉवेल

सोनालीने टॉवेल झटकला, सासूच्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "आई, रंग कंचा?"

"पांढरा," भागूबाई पुटपुटली.

"मोठ्यानं सांगा. आयकू नाय आलं."

"पांढराशुभ्र हाय गं!"

कुंपणापलीकडून शेजारच्या गौराबाईने मान वर केली, तेव्हा कुठे सोनालीचा जीव थंड झाला. दर रविवारचा हा कार्यक्रम तिला फार गोड वाटे. खरं तर तो कर्जतच्या डॉक्टरांनी लावून दिलेला. हृदयाची गोळी देताना त्यांनी बजावलं होतं, ही अंगात साठली तर पांढरं पिवळं दिसायला लागतं. दर आठवड्याला पांढरं काहीतरी दाखवून विचारा. पिवळं म्हणाल्या तर त्याच दिवशी घेऊन या, नाहीतर हृदय बंद पडेल.

'पांढरं काहीतरी' म्हणून सोनालीने मुद्दाम आपल्या हातचा धुतलेला टॉवेल निवडला. बारा वर्षं या बाईने तिच्या धुण्याला नावं ठेवली होती. "पिवळट धुतेस गं," तेही अख्ख्या कळंब गावाला ऐकू जाईल असं! गेल्या दिवाळीत सोनाली कपडे बादलीतच टाकून कुंभिवलीला माहेरी निघून गेली. पंधरा दिवसांनी नवरा, पदू, न्यायला आला, तो आईकडून शपथ घेऊनच. सुनेच्या धुण्याला पुन्हा नाव ठेवणार नाही, असं म्हातारी पोराच्या डोक्यावर हात ठेवून बोलली होती.

पुढे भागूबाईचं जेवण तुटलं. उलट्या सुरू झाल्या. पदू घाबरला.

"आयचं डोळं तपासलंस?"

"परवाच. पांढराशुभ्र म्हनाल्या. गौराबाईला इचार."

मग पित्तच असणार म्हणून दोघांनी तिला कोकमाचं सरबत पाजलं. गोळी मात्र सोनालीने एक दिवसही चुकवली नाही.

बुधवारी म्हातारी न्हाणीपाशी कोसळली. कर्जतला नेलं तेव्हा नाडी जेमतेम हाताला लागत होती. डॉक्टरांनी खाटेवरच्या चादरीचं टोक उचलून तिच्यासमोर धरलं.

"आजी, हिचा रंग सांगा."

भागूबाईने चादरीकडे पाहिलं, मग पदूकडे, आणि मग भीत भीत सुनेकडे.

"सोनाली, ही तू धुतलेली नाय ना गं? मंग खरं सांगते. पिवळी हाय. महिना झाला, सगळंच पिवळं दिसतंय."