सातले येते

"ही आपल्या मुलखातली नाई. इले गाडीत बसवा अन् वापस धाडा."

रागिणीने 'काढा'वर बोट दाबले. ओळ पडद्यावरून गेली. त्याच खात्यावरची सकाळपासूनची ही चौथी. खात्याला नाव नव्हते, नुसता झेंडूच्या फुलाचा फोटो.

राजापेठेतल्या आईच्या फुलांच्या दुकानात, मागच्या बाजूला स्टुलावर लॅपटॉप ठेवून ती हे काम करायची. लोक इंटरनेटवर जे विखारी लिहितात, त्यातले काय ठेवायचे, काय काढायचे ते ठरवायचे. यंत्राला वऱ्हाडी कळत नसे, म्हणून वऱ्हाडीतले सगळे तिच्याकडे येई. या आठवड्यात बहुतेक थोइबीच्या व्हिडिओखालचेच होते. थोइबी मणिपूरची, इथे नर्सिंग शिकायला आलेली. "मले भूक लागून राहिली," असे व्हिडिओत म्हणून ती हसली होती. तेवढ्यावरून लोक तिच्या नाकाडोळ्यांवर तुटून पडले होते.

सहाच्या सुमारास थोइबी दुकानात आली. ती नेहमीचे गिऱ्हाईक.

"ये वं बाई," रागिणीची आई सत्यभामा म्हणाली. तिने गजरा आपल्या हाताने थोइबीच्या केसांत माळला. "लय दिवसांनी दिसली. होस्टेलातच हाय ना?"

"सोडलं, मावशी. तिथं कोणी बोलतच नव्हतं. नांदगाव पेठेच्या रस्त्याले खोली घेतली, पाण्याच्या टाकीमागं."

"एकटीच?"

"एकटीच. सातले येते रोज."

"सांभाळून राहाजो."

थोइबी गेली. सत्यभामा पुन्हा झेंडू ओवू लागली. मग तिने मोबाइल ओठांजवळ नेला आणि देवापुढे बोलावे तशी हळू आवाजात काहीतरी बोलली. रागिणीला शब्द ऐकू आले नाहीत.

सहा मिनिटांनी ते तिला दिसले.

"पाण्याच्या टाकीमागं एकटीच राहते. नांदगाव पेठ रस्ता. सातले येते."

शेजारी झेंडूचे फूल.

रागिणीने ओळ काढली. ती पुढे येऊन आईसमोर उभी राहिली.

"आई, थोइबीबद्दल तू लिहितं?"

"लिहित नाई. बोलते मी. मोबाइल आपोआप लिहून घेते."

"आत्ता तिच्या डोक्यात गजरा माळला ना तू?"

"ते दुकानातलं झालं. हे मोबाइलमधलं हाय." सत्यभामाची सुई थांबली नाही. "तिथं सगळेच बोलून राहिले, मी बी बोलते. ताई, बरोबर बोलल्या, असं म्हणतात लोकं. घरात मले असं कोण म्हणते?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "पण लिहिलेलं टिकत नाई वं. आतून कोणीतरी खाऊन राहिलं."

"मी पुसून राहिली, आई."

सुई थांबली. अनोळखी माणूस दारात उभा असावा, तशी सत्यभामा मुलीकडे पाहत राहिली.

रागिणीने लॅपटॉप पाहिला. ओळ गेली होती, पण त्या सहा मिनिटांत तिच्याखाली तीन उत्तरे आली होती. तिन्हींत एकच प्रश्न होता. कोणती टाकी?

थोइबीचा नंबर तिच्याकडे नव्हता. तिने पोलिसांना फोन लावला. गाडी पाठवतो, असे पलीकडून सांगितले. तरी तिने स्कूटी काढली.

टाकीखाली ती पोचली तेव्हा सात वाजत आले होते. पोलिसांची गाडी आलेली नव्हती. थोइबी ऑटोतून उतरत होती.

"मागं बस," रागिणी म्हणाली. "आज खोलीवर नको जाऊ."

"काहून, ताई?"

रस्त्यापलीकडे दोन मोटारसायकली थांबल्या होत्या. चौघे होते. कोणी उतरत नव्हते, कोणी बोलत नव्हते. चौघांच्या तोंडांवर मोबाइलचा उजेड होता. एकाने मान वर करून थोइबीकडे पाहिले, मग मोबाइलकडे, मग पुन्हा थोइबीकडे.

थोइबी मागे बसली. रागिणीचा खांदा तिने घट्ट धरला.

"मावशीकडं ने मले," ती कानाशी म्हणाली. "तिथं मले कोणी नाई शोधणार."

राजापेठेला जायचे तर गाडी मागे वळवावी लागणार होती. रागिणीने ती वळवली नाही. ती सरळ शहराबाहेर, तिवशाच्या दिशेने निघाली.