'ठ'चं गाणं

मे महिन्यात सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगखाली रोज संध्याकाळी गाण्याच्या भेंड्या रंगायच्या. 'ठ'वरून गाणं फक्त निहारकडे असायचं, तेही स्वतःच बनवलेलं. समोरच्या टीमचा जिग्नेश चिडायचा, "ऐसा गाना ही नहीं है!" यंदा निहार नव्हता. धुळवडीला उत्तनच्या समुद्रात तो "बाहेर चल" म्हणत होता, मीच म्हटलं होतं, "पाच मिनिटं रे." त्याला लाटेने नेलं. आज आमच्यावर 'ठ' आला. समोरचे मोजायला लागले, "गाडी आली गाडी, गाडीचा नंबर एक..." नंबर नऊपर्यंत आला. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून निहारची आई त्याचंच गाणं म्हणायला लागली, "ठाण्याला जाऊ, ठेचा खाऊ..." जिग्नेश हळूच म्हणाला, "चलेगा, आंटी." मग नेहमीसारखी तिने हाक मारली, "निहार, जेवायला ये!" आणि नेहमीसारखाच त्याच्या वतीने मी खालून ओरडलो, "पाच मिनिटं, काकू!"